सुई शून्यावर

“परत किती येतंय?” निरोपबुवांनी विचारलं.

“काहीच नाही, बुवा. सुई शून्यावर!”

कस्तुरीच्या बोलण्यात ऐट होती, आणि ती तिला शोभतही होती. पोर पदार्थविज्ञान शिकलेली. पण बुवांच्या टेकाडावर तिने अ‍ॅल्युमिनियमची नळी अँटेना म्हणून उभी केली, तेव्हा वायरलेस सेटने पाठवलेली निम्मी ताकद ती अँटेना घेतच नव्हती, मागे ढकलत होती. परत येणारी ताकद मोजणाऱ्या मीटरची सुई चटका बसल्यासारखी उडायची. मग रोज नळी बोटभर काप, कॉइलचा वेढा सोड, पुन्हा घाल... आज अखेर सेटचं आणि अँटेनाचं जुळलं.

बुवा जन्मभर जहाजांवर वायरलेस सांभाळून आलेले. लोकांचे निरोप पोचवून दमलेला माणूस आता टेकाडावर एकटाच राहायचा, आणि बोलायचा अगदी मोजकं.

“मग बोल,” ते म्हणाले.

खाली समुद्रावर संध्याकाळ उतरत होती. याच वेळी तिच्या वडिलांची बोट बेटामागून जायची. कस्तुरीने ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून ते घरी आले नव्हते. मासळी दुसऱ्याच बंदरात उतरवत. फोन उचलत नसत. बोटीवरचा सेट मात्र चालू असतो, असं खलाशी सांगत.

तिने माईकचं बटण दाबलं. ते दाबलेलं असेपर्यंत सेट फक्त बोलतो, पलीकडचं ऐकवत नाही.

“बाबा, मी कस्तुरी. ऐकू येतंय ना? बाबा? रागवा, शिव्या द्या, पण घरी या. आई रोज तुमचं ताट वाढते आणि मग ते मलाच संपवायला लावते. जाडी झालेय मी, बाबा. ऐकताय ना?...”

अंगठा क्षणभर उचलला. सेट खरखरला. ती दचकली, आणि बटण पुन्हा दाबलं गेलं.

“ऐकताय ना, बाबा?”

शेवटी तिने माईक मांडीवर टाकला.

“बघितलंत? जुळणी एवढी चोख, तरी एक शब्द नाही.”

बुवा उठले. अँटेनाची वायर सोडून तिच्या जागी त्यांनी करंगळीएवढा रेझिस्टर जोडला.

“बोल.”

“यात?...”

“बोल तर.”

ती बोलत राहिली. सुई जागची हलली नाही.

“परत किती?”

“काहीच नाही. पण बुवा, हा नुसता तापतो! बाहेर काही जातच नाही यातून.”

“सुई तर खूश आहे.”

कस्तुरीचे डोळे भरले. “चेष्टा करू नका. मला सुई नकोय, त्यांचा आवाज हवाय. एकदा ‘कस्तुरे’ म्हणाले तरी पुरे.”

बुवांनी अँटेना पुन्हा जोडली.

“हाक मार. एकदाच.”

“बाबा...”

आणि बुवांनी तिचा अंगठा बटणावरून उचलला, आपल्या मुठीत धरून ठेवला.

खरखर...

“बुवा, भीती वाटते. तिकडे कोणी नाहीच असं वाटतं.”

बुवांनी मूठ आणखी आवळली.

खरखर... बेटावरचा दिवा लागला. तिचा अंगठा मुठीत चिमणीसारखा धडपडत होता.

एकाएकी खरखर थांबली. पलीकडे कोणीतरी बटण दाबलं होतं. इंजिनाची धडधड ऐकू आली. शब्द नाही... फक्त एक खाकरणं.

कस्तुरी ताडकन उभी राहिली. “बाबाच! काही सांगायचं असलं की असेच खाकरतात. सोडा, बुवा, बोलू द्या मला, नाहीतर ते निघून जातील...”

मूठ सैल झाली नाही.

“थांब, पोरी. जुळणी आत्ता चाललीय.”