राजकन्येने आखलेली नदी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तुमच्या आजीच्या आजीनेही ती कुणाच्या तरी मांडीवर बसूनच ऐकली असेल.

एका राज्यात एक राजकन्या होती. तिला खेळायची भारी हौस, आणि ती कधीच हरत नसे. पळापळीत घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराचा मुलगा तिच्या पुढे जाऊ लागला, की हटकून ठेचकाळायचा. लपंडावात पडद्याखालून तिचे पाय दिसत असले, तरी ती कुणाला सापडायची नाही. खेळ संपला की मुलं मुजरा करत आणि झपाझप घर गाठत.

जिंकल्याचा आनंद तिला दिवस मावळेपर्यंतसुद्धा पुरत नसे. एकदा ती राणीला म्हणाली, "आईसाहेब, मुलं रोज येतात. पण त्यांना माझ्याशी खेळायचं नसतं."

राणीला ते चांगलंच ठाऊक होतं. तिच्या लहानपणी तिलाही कुणी हरवलं नव्हतं.

गावात एक म्हातारी होती. ती लाकडाच्या सोंगट्या कोरायची आणि पोरांना नवे खेळ रचायला शिकवायची. राणीने तिला बोलावून घेतलं.

म्हातारी राजकन्येला म्हणाली, "खेळ करायचा तर आधी ठरव, पोचायचं कुठे, वाटेत अडचण कसली, आणि काय केलेलं चालणार नाही. मग मांड डाव."

राजकन्येने अंगणात खडूने घरं आखली. कवड्या आणल्या आणि नियम सांगितला: सगळ्यांनी कवड्या एकदा टाकायच्या, राजकन्येने दोनदा. डाव झाला. राजकन्या जिंकली.

म्हातारी रागावली नाही. तिने पहारेकऱ्याला दरवाजा उघडायला लावला आणि मुलांना सांगितलं, "ज्याला घरी जावंसं वाटतं, त्याने खुशाल जावं. कुणी काही म्हणणार नाही."

बघता बघता अंगण रिकामं झालं. एकच मुलगा पायरीवर बसून राहिला.

राजकन्येने आशेने विचारलं, "तुला आवडला खेळ?"

"नाही, ताईसाहेब," तो म्हणाला. "माझी भाकरी खायची राहिलीय."

राजकन्येला रडू आवरेना. म्हातारीने तिला रडू दिलं आणि मग म्हणाली, "कोण जिंकणार हे आधीच ठाऊक असेल, तर कुणी खेळावं कशाला, पोरी?"

मुलं पुन्हा खेळायला आली, तेव्हा राजकन्येने नियम बदलला. आता सगळ्यांना कवड्या सारख्याच. तरी मुलं जांभया देऊ लागली. शेवटी माळ्याची मुलगी भिवरा चाचरत म्हणाली, "ताईसाहेब, सगळं कवड्याच ठरवतात. आम्हाला ठरवायला काही उरतच नाही."

राजकन्येच्या कपाळाला आठी पडली. म्हातारी हळूच म्हणाली, "हिचं ऐकून घे. खेळ कुठे फसला हे तोंडावर सांगणारं माणूस सहजी भेटत नाही."

मग म्हातारी तिला गावच्या तळ्याकाठी घेऊन गेली. "इथे बोलायचं नाही, खेळायचंही नाही. नुसतं बघायचं."

तिथे पोरं लगोरी खेळत होती. राजकन्या बघत राहिली. शेवटची चिप ठेवायची आहे आणि चेंडू अंगावर येतो आहे, अशा वेळी दोन्हीकडची पोरं श्वास धरून उभी राहतात, हे तिला दिसलं. पुढच्या क्षणी काय होणार, हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नसायचं.

घरी येऊन तिने अंगणात एक नदी आखली. नदीत चपटे दगड मांडले. एका गटाने पाण्याने भरलेला घडा दगडांवरून पलीकडे न्यायचा. दुसरा गट म्हणजे पूर. घडा एकदा पार गेला, की पुराने एक दगड उचलायचा. घडा कुणी न्यायचा आणि दगड कोणता उचलायचा, हे ज्याने त्याने आपल्या गटात ठरवायचं. जो पडला त्याचा गट हरला, मग तो कुणीही असो.

खेळ रंगला. दगड कमी होत गेले. राजकन्येची पाळी आली, तेव्हा भिवराने नेमका मधला दगड उचलला. राजकन्येने घडा कवटाळून उडी घेतली, तिचा पाय घसरला आणि घड्यासकट ती खडूच्या नदीत आडवी झाली.

कुणी हसलं नाही. मुलं पहारेकऱ्याकडे बघू लागली. भिवराने हातातला दगड पाठीमागे लपवला.

राजकन्येचा चेहरा लालबुंद झाला. "हा डाव धरायचा नाही" असं ती म्हणाली असती, तर तो धरला गेला नसता. ते शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेही. तिने ते गिळले.

"मी पडले," ती म्हणाली. "आम्ही हरलो. आता पूर आम्ही."

भिवराला हसू फुटलं. मग सगळीच हसली, आणि ओल्या परकराने उभी असलेली राजकन्याही.

दुसऱ्या दिवशी कुणालाही बोलावणं धाडलं नव्हतं, तरी पहारेकरी दार उघडतो तो बाहेर मुलांची ही गर्दी. लहानग्यांच्या उडीला नदी फार रुंद आहे, अशी तक्रार घेऊनच मुलं आली होती. राजकन्येने खडू भिवराच्या हाती दिला.

पुढे राजकन्या राणी झाली. नवा कायदा करायचा असला, की तो ज्यांना पाळायचा त्यांच्यात आधी जाऊन बसायची आणि न बोलता ऐकून घ्यायची. तो स्वतःलाही लागू करायची. तिच्या राज्यातली माणसं दरबारात खरं बोलायला कचरत नसत.

म्हणून ध्यानात ठेवा, मुलांनो आणि मोठ्यांनो: जो स्वतः हरायला तयार असतो, त्याच्याच खेळात लोक मनापासून उतरतात.