रिबिट

"म्हणजे नेमकं काय लिहिलंय त्यांनी?"

दगडूबुवांनी मान वर न करता विचारलं. बुवा जातीचे तांबट. दिवसभर आळीत ठोकाठोक, संध्याकाळी राममंदिरात कीर्तन.

समोर मकरंद, त्यांचाच शिष्य. पुण्यात कीर्तन करून आलेला. तिथं मिळालेली शाल भर चैत्रात अंगावर, हातात इंग्रजी पेपर.

"रिव्हेटिंग, बुवा. माझ्या कीर्तनाला म्हटलंय."

"रिबिट? कढईला कान जोडतो ती?"

"तेच ते. डिक्शनरीत बघितलं मी. फ्रेंचातून आलाय शब्द. टोक ठोकून घट्ट बसवायचं, हा मूळ अर्थ. आपण नाही का म्हणत, खिळवून ठेवलं?"

"हं... मधनं उठून किती गेले?"

"एकही नाही."

"एकही?"

"एसी हॉल होता. दारं लावून घ्यायला सांगितली होती मी."

बुवा हसले नाहीत. शाल बघून मात्र त्यांनाच घाम फुटला.

मकरंदनं मग पोटातलं ओठावर आणलं. "यंदा रामनवमीचं कीर्तन मला द्या. तीस वर्षं तुम्हीच उभे राहताय."

बुवांनी पुढ्यातली कढई त्याच्याकडे सरकवली. तिचा एक कान सुटला होता. तो जागेवर लावून त्यांनी भोकातून नवी रिबिट घातली.

"ठोक."

मकरंदनं शाल काढून ठेवली. कढई गुडघ्यात उभी धरून हातोडी हाणली. रिबिट मागच्या मागं निसटून पडली.

"परत."

परत पडली.

"वाकडी आहे तुमची रिबिट."

"सरळ आहे. खिळा नव्हे ती. खिळ्याला एकटा माणूस पुरतो, लाकूड मुकाट सोसतं."

बुवांनी एक जाड लोखंड त्याच्या हातात दिलं. "हे रिबिटीच्या डोक्याला मागून लावून धर. हलायचं नाही."

आणि बुवांनी ठोकलं. एक. दोन. तीन. मकरंदचा हात कोपरापर्यंत झिणझिणला. चौथ्या घावाला टोक चपटं होऊन बसलं. बुवांनी कान ओढून बघितला, हलला नाही.

"ठोकलं कुणी?"

"तुम्ही."

"हात कुणाचा दुखतोय?"

"माझा."

"मागून धरणारा नसेल, तर ठोकणाऱ्याची रिबिट पडते."

मकरंद तळवा चोळू लागला. पेपर वाऱ्यानं उडाला, त्यानं धरला नाही.

"त्या हॉलात दिवे डोळ्यांवर होते, बुवा. समोर कोण बसलंय... मला एक तोंड दिसलं नाही. मी बघितलंही नाही."

बुवा कढई पुसत होते.

"रामनवमीचं राहू द्या," मकरंद म्हणाला. शाल काखेत मारून उठला.

"बस खाली," बुवा म्हणाले. "रामनवमीला तूच उभा राहा. दारं उघडी ठेव. मी समोर बसतो, लोखंड धरून."