अभ्रकाची परी आणि साधी वडी

शेवंतीच्या आईचा साबण गुणाचा, पण रूपाने अगदी राखेचा गोळा. बाजारात बायका वडी उचलून हुंगायच्या, "वास बरो आसा," म्हणायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. नुसत्या कौतुकाने चूल पेटते होय? संध्याकाळी आई शेवंतीला पेजेतला भात वाढायची, स्वतः वरचं पाणी प्यायची. "माका भूक नाय गो," म्हणायची. शेवंतीला ते खरं वाटायचं नाही.

एकदा रिठे वेचता वेचता शेवंती रानातल्या जुन्या अभ्रकाच्या खाणीपाशी पोचली. तिथे पाखरूही ओरडत नसे. खाणीच्या भिंती चंदेरी, पापुद्र्यांच्या. त्यात डोकावलं की आपला चेहरा दिसायचा, पण जरासा उशिरा.

तिथे चिखलात एक चिमुकली परी रुतली होती. तिचे पंख अभ्रकाचे, इतके पातळ की त्यांतून पलीकडची झाडं दिसत. शेवंतीला भीती वाटली, पण कीव जास्त आली. तिने परीला अलगद उचललं, झऱ्यावर नेलं आणि खिशातल्या साध्या वडीने पंख धुतले. गुलाबी, सोनेरी, मोरपंखी रंग लकलकले.

"माग, बाळे," परी म्हणाली. तिचे ओठ हलले आणि आवाज मागाहून आला.

"माझ्या आयेच्या साबणाक तुझी चमक दी."

परीने पानाच्या पुडीत रंगीत भुकटी बांधली. "आधी तेलात भिजव, मग साबणात ढवळ. कोरडी कधी उडवू नकोस. कोरडी चमक श्वासातून आत शिरते, आणि मग तिला अख्खं माणूस हवं असतं."

शेवंतीने आईला सगळं सांगितलं. पण गरिबाघरी तेलाचा थेंब म्हणजे केवढा! "तेल कित्याक फुकट घालवूचा?" आई म्हणाली. तिने वड्यांवर कोरडीच भुकटी भुरभुरवली आणि जास्तीची फुंकरीने उडवली. वड्या अशा झळाळल्या की शेवंतीने त्यांतली एक गुलाबी वडी हळूच उचलून खिशात ठेवली. आयुष्यात एकदा तिला असल्या साबणाने न्हायचं होतं.

दिवे लागले तेव्हा आई चकचकत होती. तिने हात पुढे केला आणि त्या हातातून शेवंतीला मागची भिंत दिसली.

"आये! तुझो हात खंय गेलो?"

आईने दचकून दुसरा हात गालाला लावला. तिच्या गालाचा एक पापुद्रा सुटून जमिनीवर पडला.

शेवंती सगळ्या चमकत्या वड्या टोपलीत घालून खाणीकडे धावली. "तुझी चमक परत घी! माका माझी आये होई!"

"सगळी आणलीस?" परीने विचारलं.

खाणीच्या भिंतीतली शेवंती तिच्याकडे बघून हसत होती. खरी शेवंती रडत होती. तिने खिशातली गुलाबी वडी काढली आणि टोपलीत ठेवली.

"ही लपवली असतीस, तर आई तेवढी कमी मिळाली असती," परी हळूच म्हणाली. "जा, तिला साध्या साबणाने धू. आणि ही दुसरी पुडी घे. तुझ्या चांगुलपणाची. मीच तेलात भिजवून दिली आहे, हिच्यातलं तेल सरायचं नाही." एवढं बोलून परी उजळत गेली, पंख, केस, बोटं, आणि लख्ख प्रकाश होऊन विरली. खाणीत अंधार राहिला.

घरी शेवंतीने राखाडी वडीचा भरपूर फेस केला आणि आईचे हात, गाल, कपाळ चोळचोळून धुतलं. रंगीत पाणी अंगणातून आपोआप रानाकडे वाहत गेलं. "हळू गो चेडवा, सालटा काढशीत!" आई ओरडली. ते ओरडणं ऐकून शेवंतीला रडूच फुटलं.

आता आईच्या साबणात सोनेरी रेघा असतात आणि बाजारात त्यावर उड्या पडतात. आईही पोटभर भात जेवते. फक्त रोज दिवा लागला की शेवंती आईचा हात धरून उजेडासमोर नेते. त्यातून काहीच दिसत नाही. मग ती तोच खरबरीत, खोबरेलाचा वास येणारा हात गालाशी धरून झोपते.