पंतांचंही मत

"एकमत! एकमत झालं तरच नवा शिरस्तेदार. एक हात जरी खाली राहिला, तरी जुनाच कायम!" जैतराव महाराज म्हणाले आणि मिशीवरून बोट फिरवून गालातल्या गालात हसले.

पिंपळकडा संस्थानाचा कायदाच तसा होता. न्यायकचेरीत फिर्यादी लिहून घेणारा, कागद सांभाळणारा शिरस्तेदार लोकांनी निवडायचा, पण एकमतानं. म्हणूनच त्र्यंबकपंत बावीस वर्षं त्या गादीवर बसले होते. लोक कुणालाही उभं करोत, पंतांचा स्वतःचा हात काही वर होत नसे!

या खेपेला उभी होती बुरूडआळीची सगुणा. कचेरीला लागणारे बोरू तीच तासून द्यायची. बोरू तासला की दोन ओळी लिहून पाहावा लागतो. अशा लाखभर ओळी लिहिता लिहिता पोरीचं अक्षर असं बसलं, की पंतांनाही मनातून हेवा वाटे. आणि ती हौसेनं उभी राहिली नव्हती. राखीव रानातला बांबू तोडायची परवानगी मिळावी म्हणून बुरूडआळीनं केलेला अर्ज सात वर्षं पंतांच्या बासनात गुंडाळून पडला होता. बांबू नाही तर सूप नाही, टोपली नाही. आळीतली निम्मी घरं गाव सोडून गेली होती, उरलेली दिवाळीनंतर जाणार होती.

चावडीपुढं सगळ्या गावाचे हात सगुणासाठी वर गेले. एकटे पंत मांडीखाली हात दाबून बसले होते.

"झालं तर मग!" महाराज खूश झाले. पंत त्यांच्याशी रोज सोंगट्या खेळत आणि रोज हरत; असा माणूस कोण सोडेल? "पोरी, उद्या संध्याकाळपर्यंत पंतांचं मत आण. तेही त्यांच्या हातचं, राजीखुशीचं. नाहीतर परत बोरू तास!"

"आणते की, म्हाराज," सगुणा म्हणाली. लोकांनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन कचेरीत गेली. पंतांची सोंगट्यांची वेळ झाली होती. एक पाय जोड्यात, एक बाहेर.

"आता काय आणलंस?"

"अर्ज हाय, पंत."

"कसला?"

"वाचून बघा की. मोठ्या अक्षरात लिवलाय."

"कागद कसा बघायचा ते तू मला शिकवणार?" पंत कडाडले.

"तसं न्हाई. पर येक डाव वाचाच."

"बावीस वर्षांत मला कुणी असं सांगितलं नाही!" पंतांनी दौतीत बोरू बुडवला आणि खाली झोकदार शेरा मारला. हा शेरा साऱ्या संस्थानाला पाठ होता. वादीच्या कागदावर तोच, प्रतिवादीच्याही कागदावर तोच. त्यामुळं कुणी नाराज होत नसे आणि कुणाचं काम होत नसे. पंत बासन सोडू लागले, तशी सगुणा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पंत, म्हाराजांकडं म्याच नेते."

"ने, ने! तेवढंच माझं गाठी मारायचं काम वाचलं."

संध्याकाळी चावडी गच्च भरली. सगुणानं कागद महाराजांच्या हातात दिला. महाराजांनी तो सवयीनं पंतांकडं सरकवला. "वाचा हो, पंत."

पंत खणखणीत आवाजात वाचू लागले. "विनंती अर्ज ऐसाजे, सगुणा बुरूड हीस न्यायकचेरीची शिरस्तेदार नेमावे..." आवाज खाली आला. "...तिच्याइतके लायक दुसरे कोणी नाही."

"पुढं?" महाराज म्हणाले.

"पुढं... शेरा आहे."

"कुणाचा?"

पंतांनी कागद नाकाजवळ नेला. "मजकूर समक्ष वाचला. आमचेही मत हेच. सही, त्र्यंबक... महाराज, दगा! मी हे वाचलंच नव्हतं!"

चावडीत हशा पिकला. महाराजांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "पोरी, न वाचता दिलेलं मत राजीखुशीचं कसं धरू?"

"नका धरू, म्हाराज! पंतांनी वाचून लिवलं आसंल, तर त्यांचं मत मला पडलं. एकमत झालं. न वाचताच 'वाचला' म्हणून लिवलं आसंल, तर बावीस वर्सं ती गादी रिकामीच हाय. मग रिकाम्या गादीचं मत कुठनं आलं? बाकीचं समदं गाव माज्याच बाजूनं हाय. तरीबी एकमत झालं!"

महाराज पंतांकडं वळले. "बोला पंत, वाचला होता की नव्हता?"

पंतांनी उपरण्यानं घाम पुसला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "वाचला होता, महाराज," ते हळूच म्हणाले. "दोनदा वाचला होता!"

महाराज असे हसले की पगडी मांडीवर आली! त्यांनी कचेरीचा शिक्का सगुणाच्या हातात ठेवला आणि विचारलं, "बक्षीस काय देऊ?"

"बांबूच्या अर्जावर सही."

कचेरीतून बासन आणवलं, सात वर्षांची गाठ सुटली. महाराजांनी बोरू उचलला, सही करणार, तोच सगुणा खाकरली. महाराजांनी मुकाट्यानं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. अर्ध्यावर आले आणि पुन्हा हसू लागले.

"अगं, यात दरसाल चार गाड्या मागितल्यात! म्हणजे सात वर्षांच्या अठ्ठावीस झाल्या की! उद्यापासून तोडा सगळ्या, आणि ओढायला बैल माझ्या गोठ्यातले!"