मधला आठवडा

"पण मागे जाताच येणार नाही, असं कसं होईल, नाना?"

नाना गवाणकर जेवत होते. मऊ भात, वर पातळ आमटी. त्यांनी मान वर केली नाही.

शार्दूल मठाच्या ओसरीवर घाम पुसत बसला. ट्रस्टच्या सहा दवाखान्यांची माहिती सांभाळणारी व्यवस्था नानांनीच उभी केलेली. सहा गावांत सहा यंत्रं, आणि सहाही ठिकाणी साऱ्या रुग्णांची तीच माहिती: कुणाला काय आजार, कुणाला कोणतं औषध सोसत नाही. नाना निवृत्त होऊन इथे राहायला आले आणि सगळा कारभार शार्दूलच्या हाती आला. पोरगा हुशार, त्यात वाद नाही. पण धीर म्हणून नाही.

"जाताना मी काय सांगितलं होतं?" नानांनी विचारलं.

"नव्या पद्धतीच्या फाइली सहाही यंत्रांना आधी नुसत्या वाचता येऊ देत. तोवर लिहायचं ते जुन्याच पद्धतीनं, म्हणजे बिघडलं तर परत फिरता येतं."

"मग?"

"मला ते... भित्रेपणाचं वाटलं."

त्यानं एका रविवारी सहाही यंत्रांवर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती चढवली, साऱ्या फाइली नव्या पद्धतीत बदलून घेतल्या आणि संध्याकाळी पेढे वाटले. आठवडाभरात कळलं, नवी आवृत्ती एकाची माहिती दुसऱ्याच्या नावाखाली दाखवते. काल एका बाईला न सोसणारं इंजेक्शन गेलं. जीव वाचला, पण ती अजून शुद्धीवर नव्हती.

घाईघाईनं जुनी आवृत्ती परत बसवून पाहिली, तर तिला नव्या फाइलींतलं ओ की ठो कळेना.

"प्रोग्रॅम बनवणारे काय म्हणतात?"

"पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू म्हणतात."

नानांनी ताट सारलं. तोंडातली कवळी काढून पाण्याच्या वाटीत टाकली. गाल आत गेले. शार्दूलला बघवेना.

"दिसायला छान आहे," नाना बोळक्या तोंडानं म्हणाले, "पण हिरड्या सोलून काढते. डॉक्टर म्हणाला, सगळे दात एकदम काढू, एका खेपेत काम होईल. मलाही पटलं."

"सगळे? चांगले होते तेसुद्धा?"

नानांनी वाटीतल्या कवळीकडे बोट दाखवलं.

शार्दूलनं मान खाली घातली. सकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसलेला बाईचा नवरा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"जुन्या फाइलींची एक प्रत आहे, नाना. बदलण्याआधी काढलेली. ती चढवली तर जुनी आवृत्ती सगळं नीट दाखवते."

"मग चढव की."

"पण मधल्या आठवड्यात जे आले, त्यांचं तिच्यात काहीच नाही. कुणाला काय सोसत नाही, काहीच नाही."

"कागदावर असेल."

"कागद... कागद मीच बंद करवले."



"आजच चढव," नाना म्हणाले. "एका बाईवर निभावलंय."

"आणि ती माणसं?"

"नव्या फाइलींत त्यांची नावं तरी खरी आहेत?"

"नावं, पत्ते खरे आहेत."

नानांनी वाटीतली कवळी उचलली, पाणी झटकलं, आणि तोंडात न घालता तशीच हातात धरून ठेवली.

"मग दारोदार जा. काय सोसत नाही ते प्रत्येकाकडून पुन्हा लिहून घे. सांग, आमच्या दप्तरी तुम्ही आलाच नव्हता."