कानझाकीचा डोह

सावकाश उतरा, शेवाळ आहे. ताई, पोरीचा हात सोडू नका. पाण्यात तो सपाट दगड दिसतोय ना, तो हेळव्याचा दगड. हेळवी म्हणजे घराघराची वंशावळ सांगणारा माणूस. दोन-तीन वर्षांनी बैलावर बसून येतो, दारात बैल उभा करतो आणि बसल्या जागेवरून तुमच्या खापरपणज्याच्याही मागची नावं घडाघडा म्हणतो. नावं सांगताना तो बैलावरून उतरत नाही. आमच्या आंबेखोलात मात्र उतरतो, त्या दगडावर गुडघाभर पाण्यात उभा राहतो आणि आपल्या खोराट्यांची नावं सांगतो. सांगता सांगता एका जागी थांबतो. तो थांबला की तो स्वतः आणि काठावरचं सारं गाव दोन्ही हातांनी कान झाकतं. आया स्वतःच्या कानात कापूस घालून तान्ह्यांचे कान झाकतात. म्हणून हा कानझाकीचा डोह.

हसू नका राव. तुम्ही अमेरिकेहून मूळपुरुष शोधत आलात म्हणून सांगतोय, नाहीतर मला काय गुडघे दुखवून घ्यायची हौस आहे? काल चहा पिताना तुम्हीच तिकडच्या शेजाऱ्याची गोष्ट काढलीत. त्यानं त्याचा मूळपुरुष हुडकला, तीनशे-साडेतीनशे वर्षांमागं जहाजातून उतरलेला, रान तोडून घर बांधलेला. मी विचारलं, त्या रानात आधी कोण होतं? तुम्ही म्हणालात, ते त्याच्या कागदात नाही. रात्रभर मला तेच आठवत राहिलं. आमच्या कागदातूनही एकदा ते गेलं होतं.

आपला मूळपुरुष म्हाळोजी खोराटे. तुमचाही तोच आणि माझाही तोच. मोठ्या दुष्काळात तो घाटावरून बायकापोरं घेऊन या खोऱ्यात उतरला, असं सांगतात. इथं या डोहाकाठी एकटी म्हातारी राहत होती. तिचं नाव होनाई. तिची माणसं साथीत गेली होती. दुंडा हा तिचा नवरा, भिवरी आणि कान्हू ही लेकरं. तिनं म्हाळोजीला पाणी दाखवलं, पेरायला नाचणी दिली, कुठला कंद खायचा आणि कुठला नाही ते शिकवलं. मरताना एवढंच मागितलं, की तुमची नावं सांगाल तेव्हा आधी आमची चार सांगा, आमचं सांगायला मागं कुणी नाही. म्हाळोजीनं डोहाचं पाणी ओंजळीत घेऊन शब्द दिला.

तीन पिढ्या तो शब्द पाळला. हेळवी आला की आधी दुंडा, भिवरी, कान्हू, होनाई आणि मग म्हाळोजी. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग सुभानजी पाटील आला. म्हाळोजीचा पणतू. त्याच्या मुलीला मोठ्या घरचं स्थळ सांगून आलं. सोयरे यायचे होते आणि त्यांच्यासमोर वंशावळ म्हणायची होती. सुभानजीला वाटलं, पहिलीच चार नावं परक्यांची, सोयरे विचारतील हे कोण? मग सांगावं लागेल की हे रान आधी दुसऱ्यांचं होतं, आम्ही भुकेले आलो आणि एका म्हातारीनं आम्हाला जगवलं. पाटलाला त्याची लाज वाटली. उपकाराची लाज वाटणारी माणसं असतात हो, तेव्हाही होती.

त्यानं हेळव्याला सांगितलं, ही चार नावं गाळ. तो बाळाप्पा हेळवी. तो म्हणाला, "पाटील, आमी नाव वाढवतो. काढत नाही." तेव्हा सुभानजीनं त्याचा बैल स्वतःच्या गोठ्यात बांधून घातला. बैलाशिवाय हेळवी कुठल्या दारात जाणार? दोन दिवस बाळाप्पा ओसरीवर उपाशी बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं वंशावळीच्या पोथीतलं पहिलं पान काढलं आणि याच डोहात धुतलं. शाई पाण्यात गेली. सोयऱ्यांसमोर वंशावळ म्हाळोजीपासून सुरू झाली, सुपारी फुटली, पंगत उठली. बाळाप्पानं बाहेर कुठं बोलू नये म्हणून बैल मात्र गोठ्यातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभानजीच्या धाकट्या मुलाला आईनं हाक मारली. पोरगं अंगणात खेळत होतं, ते वळलंच नाही. दंडाला धरून हलवलं तर म्हणालं, "मी दुंडा." सगळे हसले. पोरगं उठलं आणि चालत डोहावर आलं, गावाकडं पाठ करून पाण्यात पाय सोडून बसलं. त्याच्या पुढच्या दिवशी पुतणी. ती म्हणाली, "मी भिवरी." तिसऱ्या दिवशी पुतण्या, तो कान्हू. आता कुणी हसलं नाही. स्वतःच्या नावानं हाक मारली तर ती पोरं वळत नसत. उचलून घरी आणली तर अंग बर्फासारखं गार, आणि खाली ठेवली की पुन्हा डोहाची वाट धरत. रोज थोडी आत जात. आधी घोटा, मग गुडघा, मग कंबर.

सुभानजीला उमगलं. आपण चार नावं गाळली, तीन आली. चौथं अजून यायचं होतं आणि घरात एकच पोर उरली होती, लग्न ठरलेली थोरली.

तिची आई अंबूबाई. चौथ्या दिवशी पहाट झाल्यापासून तिनं लेकीला समोर बसवून घेतलं आणि घटकाघटकेला नावानं हाक मारू लागली. पोर "ओ" द्यायची. चूल पेटवताना हाक, भाकरी थापताना हाक, पाणी पिताना हाक. पोर म्हणायची, "आई, हाय की इथंच." पण ऊन वर चढलं तसा तो "ओ" बारीक होत गेला, लांबून आल्यासारखा. अंबूबाईनं तिचा पदर स्वतःच्या पदराला गाठ मारून बांधला. दुपारच्या सुमाराला तिनं हाक मारली आणि "ओ" आला नाही. पोर तिच्याकडं बघत होती, पण अनोळखी बाईकडं बघतात तशी. गाठ सोडून ती डोहाकडं चालू लागली आणि थेट खोल पाण्यात शिरली.

तेव्हा कुठं पाटलानं बैल सोडला. बाळाप्पा डोहावर आला आणि बैलावरून उतरून पाण्यात शिरला, त्या दगडावर उभा राहिला. त्यानं दुंडाचं नाव घेतलं. धाकटा भानावर आला आणि रडत आईकडं पळाला. भिवरी म्हटल्यावर पुतणी आली, कान्हू म्हटल्यावर पुतण्या आला. ही तीन नावं पोरांच्या तोंडूनच सगळ्यांना कळली होती. चौथं कुणाच्याच तोंडी नव्हतं. बाळाप्पानं पान धुतलं तेव्हा त्याच्या डोक्यातूनही ते धुऊन गेलं होतं. गावाला विचारलं. पिढ्यानपिढ्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं, पण नुसतं ऐकलं होतं, ध्यानात कुणीच ठेवलं नव्हतं. सुभानजी गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन लेकीपुढं हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "चुकलो. तूच सांग तिचं नाव."

पोर वळली. स्वच्छ आवाजात म्हणाली, "होनाई." आणि पाण्याखाली गेली.

अंबूबाई काठावरून धावली. लेकीला नावानं हाक मारली असती तर ती वळली असती, असं सांगतात. तिनं तोंड उघडलं आणि तिला नाव आठवेना. सकाळपासून शंभर वेळा घेतलेलं नाव. सुभानजीला आठवेना, भावंडांना आठवेना. बाळाप्पानं पोथी उघडली तर सुभानजी आणि त्याचा धाकटा यांच्या नावांमधली एक जागा कोरी होती. एक नाव परत आलं आणि एक गेलं.

अंबूबाई पुढं वीस वर्षं जगली. रोज इथं बसून, ऐकलेली सगळी मुलींची नावं एकेक करून हाकारायची. त्यात ते नाव येऊनही गेलं असेल. तिला ते ओळखू आलं नसेल, एवढंच.

आजही हेळवी आधी ती चार नावं सांगतो, मग म्हाळोजी, आणि सुभानजीच्या मुलांपाशी आला की त्या कोऱ्या जागेवर थांबतो. त्या वेळी पाण्यातून पोरीचा आवाज येतो म्हणे, ती स्वतःचं नाव सांगते. ज्याच्या कानावर ते पडेल त्याचं स्वतःचं नाव जातं आणि तो तिच्या नावानं डोहाकडं चालू लागतो. म्हणून आम्ही कान झाकतो. तिचे सख्खे आम्हीच, आणि तिचं नाव ऐकायला आम्हीच भितो.

तुमच्या वहीत लिहून घ्या. पहिल्या ओळीत चार नावं, म्हाळोजीच्या वर. आणि सुभानजीखाली एक जागा मोकळी सोडा.

परवा हेळवी येतोय. तुम्ही थांबणार असाल तर दोघंही कानात कापूस घाला, पोरीचे कान घट्ट झाका, माझ्याकडं बघत बसू नका. मला यंदा ब्याऐंशी पुरी झाली. घरी हाक मारणारं कुणी उरलं नाही, त्यामुळं माझं नाव गेलं तरी कुणाची अडचण होणार नाही. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण मी यंदा कान झाकणार नाही. तुम्ही फक्त काठावर वही उघडून बसा. पाण्यातून आलेलं नाव माणूस नेतं, माणसाच्या तोंडचं नाही, पोरांच्या तोंडची ती तीन नावं सगळ्यांनी ऐकलीच होती. मी पाण्याकडं निघालो की कापूस काढून मला विचारा, बाई, तुझं नाव काय. आणि मी जे सांगेन ते त्या मोकळ्या जागेत लिहा.