बाळराजासाठी किल्ला

एक होतं शहर. लांब तिकडं, पोलंड देशात. इतकं जुनं, की त्याच्या पायऱ्या माणसांच्या चालण्यानं खोलगट झालेल्या. चौकात उंच मनोरा, मनोऱ्यात तुतारीवाला, खाली घोडागाड्या. आणि नाताळ आला, की मधाच्या बिस्किटांचा वास गल्लीबोळांतून नुसता फिरायचा.

त्या शहरात राहायला गेली इरू आणि तिची आई कृत्तिका. आई चांगली शिकलेली, बरं का, पण भारी काळजीखोर. इरूचं अंग गरम लागलं की थर्मामीटर लावायची, मग हात लावून बघायची, आणि दोन्हींवर भरवसा नाही म्हणून शेजारणीला बोलवायची.

तर त्या शहराची रीत अशी. नाताळच्या आदल्या दिवशी लोकांनी बाळ येशूसाठी छोटी छोटी घरं करून चौकातल्या पायऱ्यांवर मांडायची. मग गावातली सगळ्यात म्हातारी बाई, यादविगा आजी, चर्चमधून लाकडाचं बाळ घेऊन यायची. एरवी ते लाकूडच. पण त्या दिवशी ते जागं व्हायचं आणि रडायला लागायचं. ज्या घरात बाळ झोपेल, ते घर मानाचं. आणि बाळ झोपेपर्यंत गावात कुणी जेवायला बसायचं नाही.

शाळेत बाईंनी सांगितलं, बाळराजा येणार आहे, त्याच्यासाठी घर करा. घर कसलं, हे इरूनं विचारलंच नाही. राजे कुठं जन्मतात? किल्ल्यावर. झालं.

मग मायलेकींनी गॅलरीतल्या कुंड्या रिकाम्या केल्या. खोक्यांवर बटाट्याचं पोतं भिजवून पसरलं, वरून चिखल लिंपला. बुरूज झाले, महादरवाजा झाला, पाण्याचं टाकं झालं. इरूच्या आजीनं घरून लाडवांसाठी आळीव पाठवले होते, ते आईनं माचीवर पेरले. खोलीच्या उबेनं ते असे तरारून आले, की डोंगरमाथाच जणू. मावळे मात्र इरूनं एकटीनं वळले. कुणाला हात लावू दिला नाही.

मग तो दिवस आला. किल्ला घसरगाडीवर ठेवला आणि दोघी बर्फातून निघाल्या. वाटेत लोकांच्या हातांत काय एकेक घरं! चांदीच्या कागदाची, रंगीत काचांची, झुळझुळीत झालरींची. आईला वाटलं, आपण शिकून सवरून हे काय केलं? पोरीला सगळे हसणार. पुलाशी तिनं गाडी माघारी वळवली, बेकरीपाशी वळवली, वेशीपाशी वळवली. तिन्ही वेळा इरूनं दोरी ओढून गाडी सरळ केली.

चौकात एका मुलानं विचारलं, "तुमचा केक जळला का गं?"

"केक नाहीये, किल्ला आहे," इरू म्हणाली. "हा खायचा नसतो, लढवायचा असतो."

तेवढ्यात यादविगा आजी आली. कडेवर बाळ, आणि त्याचा हा मोठा भोंगा. तिनं बाळाला सोनाराच्या सोनेरी महालात ठेवलं. सोन्याची तिरीप डोळ्यांवर आली, बाळ रडलं. मग घड्याळजीच्या घंटा वाजवणाऱ्या घरात ठेवलं. घंटा ठणठणल्या, बाळ आणखी रडलं. मग आजी किल्ल्यापाशी आली. आणि कृत्तिकेनं किल्ल्यावरून नजर फिरवली. बुरूज होते, दरवाजा होता, टाकंसुद्धा होतं. पण बाळानं निजायचं कुठं? पाळणा ठेवायला दोघी साफ विसरल्या होत्या.

ती माफी मागणार, इतक्यात इरूनं आजीच्या हातून बाळ घेतलं आणि अलगद माचीवरच्या आळिवात ठेवलं. बाळानं हुंदका दिला. ओल्या मातीचा वास घेतला. आळिवाची एक काडी मुठीत धरली. आणि डोळे मिटले.

मग काय झालं माहितीये? मातीचे मावळे हलले. एकेकानं बाळाकडं पाठ केली, तोंड बर्फाकडं केलं, आणि सगळे पहाऱ्याला उभे राहिले.

यादविगा आजीनं हळूच विचारलं, हे घर कुणाचं? मातीचं आहे, थोडं वाकडं झालंय, असं काहीबाही कृत्तिकेनं सबंध वाटेवर घोकून ठेवलं होतं. त्यातलं तिला एक अक्षर आठवलं नाही.

"माझ्या लेकीनं बांधलाय," ती म्हणाली. "आमच्याकडं राजाला असंच जपतात."

मग आकाशात पहिली चांदणी आली. तुतारीवाल्यानं तुतारी हळू वाजवली, बाळाची झोपमोड नको म्हणून. तिकडं दर घरी अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट वाढून ठेवतात. यादविगा आजीनं दोघींना हाताला धरून त्या ताटावर बसवलं. बिटाचं लालभडक सार, मासे, खसखशीची गोड पोळी. इरू जेवता जेवता पेंगली, आणि आई तिच्याकडं बघतच राहिली. त्या रात्री तिनं ना थर्मामीटर शोधला, ना लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला.

तर असं ते शहर पोटभर जेवलं, मायलेकी तिथं सुखानं नांदल्या. आता तुम्ही डोळे मिटा. कुशीवर वळा बघू. मी आहे इथंच.